लाल भाकर आणि गोड सुकडी

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल जालना जिल्ह्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला विचारले, तर तो पावसाविषयी आधी बोलत नाही, मिलोविषयी बोलतो. "लाल भाकर खाल्लीय आम्ही," हे पहिले वाक्य. दुसरे बहुतेक वेळा सुकडीचे. गेली काही वर्षे अंबड, भोकरदन, परतूर भागांत मी या आठवणी वहीत उतरवून घेतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मी स्वतः त्या साली दीड वर्षाचा होतो. आई खडी फोडायची आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत असे, एवढेच मला सांगितले गेले आहे.

जालना तेव्हा जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९८१ रोजी. जालना, अंबड, भोकरदन औरंगाबादेत होते, परतूर परभणीत. त्यामुळे बहात्तरचे कागद शोधायचे तर दोन जिल्ह्यांची दप्तरे चाळावी लागतात. तिथे कामे, मजूर, क्विंटल सापडतात. चव सापडत नाही. ती माणसांकडेच मागावी लागते.

१९७१चा पाऊस तोकडा पडला, बहात्तरचा त्याहून वाईट. खरीप गेले आणि रब्बीची ज्वारीही हाती आली नाही. ज्वारीवर जगणाऱ्या मुलखात ज्वारीच संपली. तिच्या जागी रेशन दुकानात आली ती मिलो. मिलो म्हणजे दुसरे काही नाही, अमेरिकेत पिकणारी तांबड्या दाण्याची ज्वारीच. तिथे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यात जाते. ही बातमी त्या वेळी गावात कशी पोचली कोण जाणे, पण पोचली होती, आणि भाकरीपेक्षा तीच घशाखाली उतरत नसे.

बायकांची तक्रार मात्र वेगळी, हाताची होती. पिठाला विरी नसायची. कढत पाण्यात कितीही मळले तरी भाकर थापताना कडा फाटायच्या, परातीतून तव्यावर टाकताना तुकडे व्हायचे. ज्यांच्या घरात मूठभर गावरान ज्वारी उरली होती, त्या ते पीठ मिसळून भाकर जुळवायच्या. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी बरबड्याचे बी दळले, तरोटा शिजवला, घोळ शिजवला.

मिलोच का आली? आपल्याकडे सर्रास "पीएल चारशेऐंशीची मिलो" म्हणतात. पण बांगलादेश युद्धाच्या सुमारास, १९७१ अखेर, सवलतीच्या अमेरिकी धान्याचा ओघ थांबला होता. बहात्तरनंतर भारताला बाजारातून धान्य घ्यावे लागले. नेमके त्याच वर्षी सोव्हिएत संघाचेही पीक बुडाले आणि त्याने अमेरिकेकडून गव्हाची प्रचंड खरेदी केली. गव्हाचे जागतिक भाव भडकले, आणि अशा बाजारात आपण गिऱ्हाईक म्हणून उभे होतो. त्याच सोव्हिएत संघाने १९७३मध्ये आपल्याला वीस लाख टन धान्य उसने दिले, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या गावच्या रेशनच्या रांगेत यातले कुणाला काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता सुकडी. दुष्काळी कामांवर मे १९७३मध्ये राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसे होती: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. तिथे वाटली जाणारी ही कोरडी, गोडसर पिठाची वस्तू. कोणी गव्हाचे भाजलेले पीठ सांगते, कोणी त्यात शेंगदाण्याचा कूट, कोणी गूळ, कोणी साखर. सगळ्या कामांवर ती एकसारखी नसावी. मात्र तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसे सुकडीचे नाव काढताच हसतात. एका गृहस्थांनी मला ओंजळ करून दाखवली, ती कशी धरायची म्हणजे वाऱ्याने उडत नाही ते. "सण होता तो आमचा," म्हणाले. शेजारी त्यांची थोरली बहीण बसली होती. ती त्या वेळी अठराची, लग्न झालेली. ती म्हणाली, "तुला सण. मी माझी पदरात बांधून घरी आणायची अन् तूच खायचास." गृहस्थ गप्प झाले. पन्नास वर्षांत हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

या प्रसंगानंतर मी वहीत प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय लिहू लागलो. मुलांना आठवते ते खोटे नसते. सुकडी खरोखरच गोड होती. फक्त ती कुणाच्या वाट्यातून आली हे ओंजळीला दिसत नाही. दुष्काळ "तसा बरा गेला" असे सांगणारे माझ्या वहीत आहेत. वये पाहिली तर बहुतेक दहाच्या आतले.

गाजरगवत मिलोबरोबर आले, असेही पुष्कळ जण खात्रीने सांगतात. पुण्यात त्याची नोंद १९५०च्या दशकातच झाली आहे, तेव्हा ते खापर मिलोवर फोडता येत नाही. पण लोकांनी नको असलेल्या दोन गोष्टी एकाच पोत्यात घातल्या, यात मला नवल वाटत नाही.

आईला मी हे सगळे उशिरा विचारले. मिलोविषयी ती भरभरून बोलली, हातवारे करून. सुकडीविषयी विचारले तेव्हा म्हणाली, "असायची." चवीचे विचारले, तर थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुला आवडायची."