जेव्हीएम, जेआरई की जेडीके: जावाचं नेमकं काय डाउनलोड करायचं?

कॉलेजचं पहिलं प्रॅक्टिकल असो की ऑफिसातलं एखादं जुनं सॉफ्टवेअर, 'आधी जावा इन्स्टॉल करा' अशी सूचना येते. शोधायला गेलं की तीन नावं समोर येतात आणि गोंधळ उडतो.

खरं तर हे एकात एक बसणारे डबे आहेत. सगळ्यात आत जेव्हीएम, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन. प्रोग्रामरने लिहिलेला कोड कंपायलर 'बाइटकोड'मध्ये बदलतो. बाइटकोड ही कोणत्याही एका प्रोसेसरची भाषा नाही. विंडोज, लिनक्स, मॅक अशा प्रत्येकासाठी वेगळं जेव्हीएम असतं आणि ते हा बाइटकोड त्या मशीनवर चालवून घेतं. म्हणूनच विंडोजवर तयार केलेली फाइल लिनक्सवरही चालते. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणली, तेव्हा तिचं मुख्य आकर्षण हेच होतं. वारंवार लागणारा कोड जेव्हीएम चालता चालताच थेट मशीनच्या भाषेत बदलतं, त्यामुळे वेगही बरा मिळतो. वापरून झालेली मेमरीही तेच मोकळी करतं.

जेव्हीएमला तयार लायब्ररींची जोड दिली की झालं जेआरई. प्रोग्राम फक्त चालवायचा असेल तर एवढं पुरतं. त्यात कंपायलर, डीबगर वगैरे अवजारं आली की जेडीके. कोड लिहायचा असेल तर हेच हवं.

आता मेख इथे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून ओरॅकल स्वतंत्र जेआरई देतच नाही. जुन्या ट्यूटोरियलवर विसंबून ते शोधणारे भलत्याच साइटवरून वर्षानुवर्षं अपडेट न झालेली आवृत्ती उतरवतात, सुरक्षेच्या त्रुटींसकट. त्यापेक्षा सरळ जेडीके घ्यावं. प्रोग्राम चालवायला लागणारं सगळं त्यात असतंच.

ऑफिससाठी घेताना मात्र लायसन्स वाचा. एप्रिल २०१९ पासूनचे ओरॅकल जावा ८ चे अपडेट वैयक्तिक वापरासाठी मोफत आहेत, व्यवसायासाठी सहसा नाहीत. शिवाय जानेवारी २०२३ पासून ओरॅकलच्या नव्या जावा सबस्क्रिप्शनचे पैसे कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर ठरतात, जावा वापरणारे दोघेच असले तरी! ओपनजेडीकेवर आधारलेली टेम्युरिन किंवा ॲमेझॉन कोरेटो ही पॅकेजेस ऑफिसातही मोफत वापरता येतात. टेम्युरिनमध्ये तर वेगळं जेआरईही मिळतं.

कॉम्प्युटरवर आधीपासून कोणती जावा आहे, हे कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हर्जन तपासलं की कळतं. पहिल्या ओळीची सुरुवात 'ओपनजेडीके'ने झाली, तर हा खर्चाचा प्रश्न येत नाही.