जुन्या मोटारीतील विजेची परतीची वाट

घरच्या जुन्या मोटारीतील विजेचे बिघाड हा विषय व्याख्यानासाठी कसा काय निवडला, असे काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. ज्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय, अर्थकारण यांची चर्चा व्हावयाची तेथे फ्यूज आणि बॅटरी कशाला? यावर आमचे उत्तर साधे आहे. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावी घरासमोर उभी असलेली मोटार ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. रात्री-अपरात्री आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे झाले म्हणजे त्या मोटारीचा सेल्फ लागतो की नाही, आणि लागला तरी धानाच्या बांध्यांमधून नि जंगलाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या दिव्यांनी पुढचे रानडुक्कर वेळेवर दिसते की नाही, या गोष्टींना फार मोल येते. शिवाय या बिघाडांपायी घरचा पैसा विनाकारण जातो. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, अल्टरनेटर बदलला, आणि गाडी पुन्हा सकाळी मुकाट उभी, ही तक्रार आम्ही इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिच्या मुळाशी काय आहे हे एकदा नीट उलगडून सांगावे असे वाटले.

आपल्याकडील जुनी मोटार म्हणजे कोणती, ते आधी पाहू. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. खेड्यापाड्यांत मात्र पद्मिनीपेक्षा मारुती ८०० अधिक पोचली. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिचे सर्वांत धाकटे भावंडही आज दहा वर्षांच्या पुढचे आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या कायदेशीररीत्या रस्त्यावर असणे यात नवल नाही. इंजिन अशा वयातही धडधाकट असू शकते. थकते ती बहुधा वीज.

ती का थकते? घरातील दिव्याला दोन तारा लागतात हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मोटारीतील दिव्याकडे मात्र पुष्कळदा एकच तार गेलेली दिसते. मग वीज परत कशी येते? ती येते गाडीच्या पत्र्यामधून. बॅटरीचे ऋण टोक जाड तारेने पत्र्याला नि इंजिनाला जोडलेले असते आणि सर्व दिवे, भोंगा, सेल्फ आपापला प्रवाह पत्र्यात सोडतात. तेथून तो बॅटरीकडे परततो. यालाच मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. या युक्तीने कारखानदाराची निम्मी तार वाचली; पण परतीच्या वाटेचे भवितव्य पत्र्याच्या हाती गेले. पत्रा गंजतो. बोल्टाखाली माती, रंग आणि हिरवट क्षार बसतात. गाडी पंचवीस पावसाळे पाहते, आणि भंडारा जिल्ह्यातील पावसाळा हा काही हलका पावसाळा नव्हे.

आता थोडे अंकगणित करणे भाग आहे. श्रोत्यांनी कंटाळू नये, कारण सगळे रहस्य त्यातच आहे. सेल्फ फिरताना लहान मोटारीतही १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. आतला छोटा दिवा ५ वॅटांचा, म्हणजे तो अर्धा अँपिअरही घेत नाही. समजा, बॅटरीच्या टोकावर क्षार चढून तेथे एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ०.०२ ओहम रोध निर्माण झाला. छोट्या दिव्याच्या प्रवाहाला तेथे व्होल्टचा शंभरावा भागही गमवावा लागत नाही; दिवा झकास पेटतो. भोंगा चार-पाच अँपिअर घेतो, तोही वाजतो. पण सेल्फचे १०० अँपिअर त्याच सांध्यातून जाऊ लागले की २ व्होल्ट तेथेच खर्च होतात. मग सेल्फ 'टक्' असा आवाज करून गप्प बसतो किंवा कण्हत कण्हत अर्धा फेरा घेतो. आपण म्हणतो, दिवे तर लागतात, भोंगा वाजतो, मग बॅटरी चांगली आहे, तेव्हा सेल्फच गेला! किंवा याच्या उलट, दिवे मंदावले म्हणून नवी बॅटरी विकत आणतो. नवी बॅटरी बसवताना टोके घासली जातात, सांधा आपोआप साफ होतो, गाडी सुरू होते आणि बॅटरीच वाईट होती अशी आपली खात्री पटते. किती चांगल्या बॅटऱ्या अशा रीतीने भंगारात गेल्या असतील, कोण जाणे.

असा सांधा हाताला सापडतो. वरच्या उदाहरणात २ व्होल्ट आणि १०० अँपिअर म्हणजे २०० वॅट उष्णता त्या एवढ्याशा टोकावर तयार होते. सेल्फ चार-दोनदा मारून लगेच टोकाला जपून बोट लावावे. ते गरम लागले तर तो सांधा दोषी समजावा. याहून नेमकी परीक्षा मल्टिमीटरने होते, आणि हा मीटर आज काहीशे रुपयांत मिळतो. त्याची एक दांडी बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावे. अर्थात गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे आधी पाहून. परतीची वाट चांगली असेल तर मीटर ०.२ व्होल्टच्या आतबाहेर दाखवील. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की वाटेत कोठेतरी अडथळा आहे. हीच परीक्षा धन टोक आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्या दरम्यान करावी. दहा मिनिटांचे हे काम हजारो रुपयांची खरेदी टाळू शकते.

इंजिन हे रबराच्या बैठकींवर बसवलेले असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी एक विणलेली चपटी पट्टी असते. जुन्या गाडीत ती कुजते, तुटते, किंवा गिअरबॉक्स उतरवताना मिस्त्री ती काढून ठेवतो आणि परत लावावयाचे विसरतो. तेव्हा सेल्फचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परत जातो: ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, क्लचच्या केबलमधून. या केबली त्या कामासाठी नसल्यामुळे तापतात आणि त्यांचे आवरण वितळते. ॲक्सिलरेटर अडकू लागला म्हणून केबल बदलणारा गृहस्थ विजेच्या पट्टीकडे पाहील कशाला? मागच्या दिव्यांचा विचित्रपणाही याच जातीचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबतो, इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा लुकलुकतो, असे दिसले म्हणजे समजावे की त्या दिव्यांची सामाईक अर्थ सुटली आहे आणि प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटा शिरून घरी परतत आहे. बल्ब कितीही बदलले तरी हा खेळ थांबणार नाही.

सांधा साफ करण्याची रीत सोपी, पण तिचा क्रम पाळला पाहिजे. प्रथम अर्थचे टोक सोडावे, शेवटी तेच जोडावे. म्हणजे धन टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पांढरा-निळा क्षार धुवावा, काचपेपरने धातू उजळ करावा, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. पत्र्यावरच्या अर्थच्या बोल्टांनाही हेच. नव्याने रंगवलेल्या गाडीत रंगाच्या थरावर बोल्ट आवळलेला असतो. तेथील रंग खरवडावाच लागतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटत असतो, तेव्हा जवळ बिडी ओढणाऱ्याला आधी दूर पाठवावे.

एवढे सांगितल्यावर बॅटरीकडे वळू, कारण ती कधीच दोषी नसते असे आमचे म्हणणे नाही. सहा घरांच्या या बॅटरीत प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. काही तास विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उरली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आपल्या भागात तिचा खरा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, बॉनेटखाली त्याहून पुष्कळ अधिक. तेथे पाणी उडते आणि आतल्या पट्ट्या झिजतात. बॅटरी मरते उन्हाळ्यात, पण पुरावा मिळतो पावसाळ्यात किंवा पौषातल्या एखाद्या थंड पहाटे, आणि दोष मात्र थंडीवर जातो. ज्या बॅटरीला झाकणे आहेत तिच्यात पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर हवे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. पाण्याला तोटा नाही, पण तलावाचे किंवा विहिरीचे पाणी बॅटरीला चालत नाही, कारण त्यातील क्षार आत जन्मभर राहतात. आणि जी गाडी एका लग्नसराईपासून दुसरीपर्यंत मांडवाखाली उभी राहते तिची बॅटरी न वापरताच खराब होते. अर्धवट रिकाम्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण कण जमतात आणि मग ती भरणा घेईनाशी होते.

बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरचे. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी दिसले तर आधी पट्टा ढिला आहे का पाहावे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून मरणार. येथे एका जुन्या सवयीविरुद्ध स्पष्ट बोलले पाहिजे. गाडी चालू ठेवून बॅटरीचे टोक काढावयाचे आणि इंजिन बंद पडले नाही तर चार्जिंग ठीक, ही परीक्षा अजून ठिकठिकाणी चालते. फियाट नि अम्बॅसडर यांना डायनॅमो होता त्या काळातील ही रीत. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. भार एकाएकी तुटला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारते आणि डायोड, नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकसुद्धा, जळू शकतो. मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याचा हात तेथे धरावा.

रातोरात बॅटरी उतरत असेल तर चोर कोण ते शोधावे लागते. डिकीतला ५ वॅटांचा दिवा झाकण लावल्यावरही पेटलेला राहिला तर सुमारे ०.४ अँपिअर जातो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत कोरडी होते. सर्व बंद असता गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आतच प्रवाह घ्यावा. मीटर प्रवाहाच्या खुणेवर ठेवून अर्थच्या तारेत मालिकेने जोडावा नि एकेक फ्यूज काढत जावे; ज्या फ्यूजने आकडा एकदम घसरतो त्या शाखेत चोर आहे. या वेळी सेल्फ मारू नये, मीटर जळेल. कोणत्याच फ्यूजने आकडा हलला नाही तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्यावा.

धानाची कापणी झाली, तणस घराजवळ रचले गेले, की उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि तारांची आवरणे कुरतडतात. उघडी तार पत्र्याला टेकते, फ्यूज उडतो. येथे खरा धोका सुरू होतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी ३० चा हिरवा बसवतात, नाही तर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळतात. फ्यूज ही त्या वाटेतील मुद्दाम ठेवलेली सर्वांत कच्ची कडी. ती पक्की केली की तारच सर्वांत कच्ची ठरते, आणि ती जळते ती गालिच्याखाली, पेट्रोलच्या नळीजवळ. अशा आगीतून गाडी वाचत नाही. माणसे वाचली तर नशीब. कुरतडलेली तार शोधून सांधून घेईपर्यंत तो फ्यूज मोकळा ठेवावा नि त्या दिव्याविना दिवसाउजेडी गाडी चालवावी, हे आम्हांला अधिक बरे वाटते.

राहता राहिले पुढचे दिवे. तारेच्या बल्बचा एक स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के उतरले तर उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा सुमारे १० अँपिअर प्रवाह पुष्कळदा स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. स्विचचे झिजलेले संपर्क, लांब बारीक तार आणि गंजलेली अर्थ मिळून व्होल्ट-दीड व्होल्ट खाऊन टाकतात. मालकाला वाटते, बल्ब कमजोर. तो १०० वॅटांचा बल्ब आणतो. प्रवाह वाढतो, तारेतली गळती त्याच प्रमाणात वाढते, होल्डर वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. त्याऐवजी दिवे लावून होल्डरपाशी व्होल्टेज मोजावे नि बॅटरीच्या टोकाशी ताडून पाहावे. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर आधी दिव्यांची अर्थ साफ करावी. तेवढ्याने न भागल्यास बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार आणून मध्ये रिले बसवून घ्यावा, म्हणजे स्विचला फक्त रिलेपुरता प्रवाह सोसावा लागतो. कारखान्याच्याच ६०/५५ वॅटांच्या बल्बने मग रस्ता पुन्हा दिसू लागतो. एवढे करूनही उजेड पिवळा नि पसरट राहिला तर दिव्याच्या आत डोकावून पाहावे: आतला चकचकीत आरसा काळवंडला असेल, तर त्यावर विजेचा इलाज नाही, तो दिवाच बदलावा लागतो.