नोंदवही आपली आपण

मला प्रोग्रामिंग येत नाही. तरीही मेळघाटातील बालकांच्या दंडघेराची नोंदवही मी मोबाईलवर तयार केली. आता काय हवे ते साध्या मराठीत सांगितले, की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहून देतात. आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले.

मी सांगितले: सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, १२.५ पेक्षा कमी असेल तर पिवळा, त्यापुढे हिरवा रंग दिसावा. धारणी-चिखलदऱ्याकडे सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून नोंद फोनमध्येच राहावी.

कोड वाचता आला नाही, तरी उत्तर तपासता येते. ११.४, ११.५, १२.४, १२.५ हे आकडे घातले. रंग बरोबर आले. रकाना रिकामा ठेवला, तर हिरवा! म्हणजे न मोजलेले मूल सुदृढ ठरत होते. तसे सांगताच दुरुस्ती झाली.

वाचकहो, असे काही करून पाहाल तर चाचणीसाठी मुलांची खरी नावे देऊ नका. आणि लाल रंग दिसल्यावर अंगणवाडीताईंना कळवणे, मुलाला दवाखान्यात नेणे, हे काम आपलेच आहे.