दुखतंय म्हणते, तर दुखतंयच

शंभर मिलिमीटरची एक आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. गर्भाशयात गर्भनिरोधक साधन, म्हणजे आपल्याकडची तांबी, बसवून घेणाऱ्या स्त्रियांना अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ही रेघ दिली आणि जेवढं दुखलं तिथे खूण करायला सांगितलं. साधन बसवणाऱ्यांनाही तीच रेघ देऊन विचारलं, समोरच्या बाईला किती दुखलं असेल? स्त्रियांच्या खुणांची सरासरी ६५च्या आसपास आली, बसवणाऱ्यांची ३५च्या. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर, तरी दिसलेलं दुखणं सोसलेल्या दुखण्याच्या जेमतेम निम्मं होतं.

यामागे एक जुना समज आहे. गर्भाशयाच्या मुखाला, म्हणजे सर्व्हिक्सला, फारशी संवेदनाच नसते असं वैद्यकात वर्षानुवर्षं मानलं गेलं. त्यासाठी लैंगिकतेचे अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांच्या १९५३च्या अहवालाचा आधार दिला जातो. त्यातल्या तपासणीत सर्व्हिक्सला केलेला हलका स्पर्श फारच थोड्या स्त्रियांना जाणवला होता. पण दाब दिला तेव्हा तो बहुतेकींना कळला होता. पहिलं निरीक्षण सगळ्यांच्या लक्षात राहिलं, दुसरं मागे पडलं. वास्तविक पोटातल्या अवयवांचं दुखणं कातडीच्या दुखण्याहून वेगळं असतं. आतड्याला चीर दिली तर फारसं कळत नाही, पण तेच आतडं ताणलं गेलं की माणूस गडाबडा लोळतो. गर्भाशयाचंही तसंच आहे. ओढणं, ताणणं, आकुंचन हे त्याला नेमकं कळतं.

तांबी बसवताना काय होतं ते पाहू. स्पेक्युलम लावून सर्व्हिक्स दिसेल असं करतात. मग व्हल्सेलम किंवा टेनॅक्युलम नावाच्या टोकदार दातांच्या चिमट्याने त्याची कड पकडून गर्भाशय सरळ रेषेत ओढून धरतात. पहिली कळ इथे येते. ती माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने वर जाते. मग गर्भाशयाची खोली मोजायला ‘साउंड’ नावाची बारीक सळई आत सरकवतात. ती वरच्या टोकाला टेकली की दुसरी कळ येते, ओटीपोटातून थेट कमरेत. तिची वाट वेगळी, पाठीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीवरची. पाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात आणि गर्भाशय पिळवटतं. काहींच्या बाबतीत व्हेगस नावाची नस चाळवते. मग नाडी मंदावते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा बाईला ‘घाबरट आहे’ म्हटलं जातं तेव्हा मला राग येतो, कारण ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा धीटपणाशी काही संबंध नाही.

सगळ्यांनाच एवढं दुखतं असं नाही. जिची नैसर्गिक प्रसूती झालेली आहे तिला बहुधा कमी दुखतं, जिला मूल झालेलं नाही तिला जास्त. गैरसमज टिकतो तो या फरकामुळेच. सकाळपासून दहा जणी टेबलावरून उतरून चालत बाहेर गेल्या की अकरावीचं कण्हणं नाटक वाटायला लागतं.

मूल राहत नाही म्हणून केल्या जाणाऱ्या नळ्यांच्या एक्स-रेचं, म्हणजे एचएसजीचंही हेच. एक्स-रेच्या टेबलावर बाई आडवी. सर्व्हिक्समधून आयोडीनयुक्त द्रव आत सोडतात आणि तो गर्भनलिकांतून पुढे वाहतो का ते पडद्यावर पाहतात. नळ्या मोकळ्या असल्या तर द्रव पुढे पोटात सांडतो, बंद असल्या तर आतला दाब वाढत जातो आणि दुखणंही. ‘मूल हवंय ना, मग एवढं सोसायला हवं,’ हे वाक्य त्या खोलीबाहेरच्या बाकावर तिला आधीच ऐकवलेलं असतं. पण या दुखण्याचा तपासणीच्या निकालाशीही संबंध आहे. द्रवाचा दाब, ताण, कळा यांनी गर्भाशयाचा कोपरा आवळला गेला तर द्रव नळीत शिरत नाही आणि चांगली नळी बंद असल्यासारखी दिसते. मग पुढच्या तपासण्या, पुढचा खर्च आणि घरातली बोलणी तिच्याच वाट्याला येतात.

पाहणाऱ्याच्या अंदाजावर विसंबलं तर काय होतं, याचा सर्वांत भयंकर दाखला नवजात बाळांचा आहे. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या उत्तमोत्तम रुग्णालयांतही अनेक तान्ह्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत. त्यांची मज्जासंस्था अपुरी असते, त्यांना दुखणं कळत नाही, आणि कळलं तरी आठवत नाही, अशी समजूत होती. शिवाय भुलीची औषधं एवढ्याशा जिवाला झेपणार नाहीत ही भीती होती. स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं जाई, त्यामुळे बाळ हलतही नसे. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये वेळेआधी जन्मलेल्या जेफ्री लॉसनवर अशीच हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली. तो पुढे दगावला आणि त्याच्या आईने, जिल लॉसनने, हे जगासमोर आणलं. त्याच सुमारास इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेतलेले कंवलजीत आनंद ऑक्सफर्डमध्ये काम करत होते. शस्त्रक्रियेला ठीक अवस्थेत गेलेली बाळं परत येताना इतकी ढासळलेली का असतात, हा प्रश्न त्यांना पडला. बाळ बोलत नाही, तर त्याच्या रक्ताला विचारू, अशी त्यांची पद्धत होती. काही बाळांना नेहमीच्या हलक्या भुलीबरोबर फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिलं, काहींना नाही, आणि दोन्ही गटांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. औषध मिळालेल्या बाळांचा ताण कितीतरी कमी भरला आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि काही वर्षांत जगभरची पद्धत बदलली.

स्त्रियांच्या बाबतीत तर रक्तही तपासायला नको, त्या तोंडाने सांगताहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२४च्या मार्गदर्शनात तांबीसारखं साधन बसवण्यापूर्वी प्रत्येकीशी संभाव्य वेदना आणि त्यावरचे उपाय यांबद्दल बोलायला सांगितलं आहे. सर्व्हिक्सच्या बाजूला टोचायचं, तो भाग बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन किंवा त्याची जेल उपयोगी पडू शकते, असंही त्यात म्हटलंय. २०२५ साली तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशीच भूमिका घेतली. लिग्नोकेन आपल्याकडे स्वस्त आहे, गावोगावी मिळतं. हिरडीत ते टोचल्याशिवाय आपण दाढ काढू देत नाही. त्याने वरच्या भागातली कळ पुरती जात नाही, हे खरं. आधी घेतलेली आयबुप्रोफेनची गोळीही बसवतानाची कळ फारशी कमी करत नाही, नंतरच्या पोटदुखीला मात्र तिचा उपयोग होतो. ज्यांना हे झेपणारच नाही त्यांच्यासाठी थोड्या वेळाची भूल असते. हे सगळं टेबलावर झोपण्याआधी विचारायचं असतं, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबाल ना, हेसुद्धा.

दुखणं वेळेवर ऐकलं नाही तर ते कुठवर जातं, हे बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. बाई एक दिवस फडात गेली नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, पण थांबायला सवड नाही. शेवटी ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला मिळतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या किती दुखण्यांत वेळेवर दिलेल्या गोळ्यांनी भागलं असतं, याचा विचार अस्वस्थ करतो. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास ऐन तरुणपणी सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात.

या सगळ्याची सुरुवात मात्र घरात होते, मुलीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी. ‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘आम्ही नाही सोसलं?’ साधी पाळीची कळ प्रोस्टाग्लँडिनमुळे येते आणि मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधं तेच रसायन तयार होऊ देत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची असते, असह्य झाल्यावर नाही. पण गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, शौचाच्या वेळी कळ येत असेल, पाळी नसतानाही पोट दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतात, तिथे सूज आणि नवे मज्जातंतू तयार होतात. पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहापैकी एकीला हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. तोवर रोजच्या माऱ्याने मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होऊन बसतात आणि पुढे दुखणं उपचारांना सहज दाद देत नाही. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून मुलीला परत पाठवलं, तर पुन्हा न्या, दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या. अंडाशयातली मोठी गाठ सोनोग्राफीत दिसते, पोटाच्या अस्तरावरचे बारीक चट्टे बहुधा दिसत नाहीत.