वेल कुठे सरकते?

सागवानी दाराच्या वरच्या भागात वेलबुट्टी अगदी रेखीव उतरली होती. मधल्या फळीपर्यंत येताना तीच वेल चार मिलिमीटर उजवीकडे सरकली. बिट आपलं फिरतंय, भुसा उडतोय, स्क्रीनवर सगळं आलबेल. घरी बांधलेल्या सीएनसी राउटरचा हा नेहमीचा रोग. त्यातली स्टेपर मोटार हुकूम घेते, पोच देत नाही. कंट्रोलर फक्त किती पल्स पाठवले तेवढंच मोजतो. या मशीनवर मोटारीच्या एका फेऱ्याला १६०० पल्स आणि बॉलस्क्रूची पिच ५ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. मोटार मध्येच अडखळली तर हिशेब कंट्रोलरमध्ये जुळतो आणि लाकडावर चुकतो.

मशीनचं शेड नगर-मनमाड रस्त्यालगत, नागापूर एमआयडीसीच्या पुढे. मालक सुतारकामातला. चौकोनी पाइपांचा सांगाडा त्यानंच वेल्डिंग करून उभा केला, त्यावर नेमा २३ च्या मोटारी, डीएम५४२ ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस बसवला. नगरला याचं कुणाला फार नवल वाटत नाही. १९७२ मध्ये लुना मोपेड इथूनच बाहेर पडली, मोटारी आणि स्विचगिअर बनवणारे कारखानेही इथलेच. पॅनेल वायरिंगमध्ये हयात घालवलेला एखादा निवृत्त माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. तसेच एक काका मालकानं बोलावले होते.

मालकाचं निदान तयार होतं: "काका, लाईटचाच घोळ आहे. डीपीवर लोड आला की मशीन येड्यासारखं करतं." स्टॅबिलायझरचा भावही विचारून झाला होता. काकांनी मीटर लावला. इनपुटला २१४ व्होल्ट. एवढ्यावर एसएमपीएसची तक्रार नसते. लाईटला शिव्या घालणं आपल्याकडे सोपं, आणि बऱ्याचदा रास्तही. इथं मात्र ती निर्दोष होती.

मग मोटार. वीज बंद करून, ड्रायव्हरवरचे दिवे विझेपर्यंत थांबून काकांनी मोटारीच्या तारा सोडवल्या. चालू ड्रायव्हरवरून मोटारीची तार उपटली की कॉइलमधला करंट ठिणगी होऊन बाहेर पडतो आणि ड्रायव्हर जातो, म्हणून ही घाई कुणी करू नये. चारपैकी दोन तारा एकमेकींना टेकवल्या आणि शाफ्ट बोटांनी फिरवला. जड लागला, म्हणजे एका कॉइलची जोडी मिळाली. उरलेल्या दोन टेकवल्या, तेव्हाही तसाच जड. मोटार ठीक. मग ड्रायव्हरवरचे करंटचे डिप स्विच पाहिले. तक्त्यात पीक ४.२० आणि आरएमएस ३.०० एकाच ओळीत छापलेले असतात. ३ अँपिअरच्या मोटारीला पीकच्या रकान्यातला ३ च्या आसपासचा आकडा लावून मोटार अशक्त ठेवणारे पुष्कळ. इथं तेही बरोबर निघालं.

राहिला ड्रायव्हर. एक्स, म्हणजे आडवा अक्ष, आणि वाय यांच्या मोटारींच्या जोडण्या आपसात बदलल्या तर रोग ड्रायव्हरबरोबर गेला. इथवर मालक आधीच येऊन पोचला होता. त्यानं नवा ड्रायव्हर आणून बसवलाही होता, आणि वेल सरकायची थांबली नव्हती. हीच गोष्ट काकांना खटकली. "ड्रायव्हर नवा, पण पॉवरचा हिरवा प्लग कुठला?" प्लग जुनाच होता.

मीटरचे प्रोब आधी एसएमपीएसवर ठेवले. मशीन वेगानं पळवलं तरी ३६ व्होल्ट ढळले नाहीत. मग प्रोब ड्रायव्हरच्या स्क्रूवर. उभ्या मशीनला ३५ च्या वर, आणि तिन्ही अक्ष एकदम धावले की आकडा ३१ पर्यंत खाली-वर. मीटर मंद असतो, खरी घसरण याहून खोल असणार. स्टेपरची ताकद वेग वाढला की आधीच कमी होते, कारण कॉइलमध्ये करंट भरायला वेळ पुरत नाही. करंट लवकर भरावा म्हणून तर जास्त व्होल्टेज द्यायचं. तेच नेमक्या क्षणी पडलं की मोटार सुटते. खोदताना चालते, रिकामी उडी मारताना चुकते.

काकांनी प्लग ओढून उजेडात धरला. एका स्क्रूभोवतीचं हिरवं प्लास्टिक तपकिरी झालेलं, स्क्रू अर्धा फेरा सैल. तार बाहेर काढली तर टोकाला चकचकीत झाळ. सुटे धागे विस्कटू नयेत म्हणून मालकानं सगळी टोकं झाळली होती. दिसायला सुबक, पण झाळ मऊ असते. स्क्रूच्या दाबाखाली महिनोन्महिने ती हळूहळू पसरते, पकड ढिली होते, सांधा तापतो. तापला की आणखी ढिला. शिवाय वीज एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर अशी माळेनं नेलेली, आणि एक्सचा ड्रायव्हर अगदी शेवटचा.

झाळलेली टोकं कापली, पिन लग दाबून बसवले, नवा प्लग घेतला आणि प्रत्येक ड्रायव्हरला एसएमपीएसपासून स्वतंत्र जोडी ओढली. एमडीएफच्या तुकड्यावर तोच प्रोग्रॅम लावला, शेवटी मशीन शून्यावर आणलं. बिटचं टोक पेन्सिलच्या फुलीवर बरोबर उतरलं.

मालकाचं लक्ष बाकावर पडलेल्या जुन्या ड्रायव्हरकडे. "मग याचं काय करू, काका?"

"चांगला आहे तो. चौथा अक्ष कर. देवघराचे गोल खांब अजून बाहेरून कातून आणतोस ना?"

मालक खोक्यात चौथी मोटार शोधायला लागला.