सांगलीची स्मृती आणि आपलं चंद्रपूर

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्या स्पर्धेत स्मृती मानधनाच्या नावावर ४३४ धावा होत्या. हे आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. पण सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावातली मुलगी तिथपर्यंत पोचली कशी, हे कुणी विचारत नाही. ते समजून घेणं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी जास्त कामाचं आहे.

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईतला. ती लहान असतानाच घर सांगलीजवळ माधवनगरला आलं. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघंही जिल्हा पातळीवर खेळायचे. भावाच्या मागे मागे तीही मैदानावर जायला लागली. मुळात ती उजव्या हाताची, पण वडिलांना डावखुऱ्या बॅटिंगची भारी हौस, म्हणून ती डावखुरी झाली! गवताची पिच नव्हती, तर सिमेंटच्या विकेटवर प्रॅक्टिस चालायची. सिमेंटवर बॉल फारसा वेग गमावत नाही आणि उसळतोही जास्त. त्यामुळे बॅट्समनला पटकन ठरवावं लागतं.

आता सिलेक्शनचं गणित बघा. जिल्ह्यातून थेट भारतीय संघात कुणी जात नाही. मधली पायरी असते राज्य संघटनेचे वयोगटाचे संघ. स्मृती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आली आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे आला, तेव्हा ती दहा वर्षांची होती. वेळ बरोबर जुळून आली. २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या, त्याही राहुल द्रविडने भावाला दिलेल्या बॅटने. त्याच वर्षी ती भारताकडून खेळायला लागली होती.

पुढे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सहा महिन्यांच्या आत ती वर्ल्ड कपला उतरली आणि पहिल्या दोन मॅचमध्ये ९० आणि नाबाद १०६ केल्या. मग फॉर्म गेला. लॉर्ड्सच्या फायनलमध्ये ती शून्यावर आउट झाली आणि भारत ९ धावांनी हरला. तरीही २०१८ ची आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू तीच! २०२१ चा मानही पुन्हा तिलाच मिळाला.

आपण म्हणतो, 'आपला भाग मागास, जंगलाचा, नागपूर लांब.' सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि चंद्रपूरहून नागपूर दीडशेच्या आसपास. भामरागडच्या मुलीचं अंतर खरंच मोठं आहे, ते मान्य. पण चंद्रपूरला ही सबब चालणार नाही. शिवाय आपली राज्य संघटना वेगळी, विदर्भाची. तिथूनच नागपूरची मोना मेश्राम २०१३ आणि २०१७ च्या वर्ल्ड कप संघात गेली आणि अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली. म्हणजे दार उघडं आहे.

मग कमी काय पडतं? रोज बॉल टाकणारं कुणीतरी, एक विकेट आणि ट्रायलला सोबत जाणारं घरचं माणूस. स्मृतीला ही तिन्ही मिळाली. आपल्याकडे मुलगी आठवी-नववीत गेली की तिचं मैदानावर जाणंच बंद होतं. मग पुढची पायरी येणार कुठून?

सिव्हिलवाल्यांनो, विकेट म्हणजे फक्त २० मीटरची काँक्रीटची पट्टी. आपल्या ग्राउंडच्या कोपऱ्यात ती झाली, तर संध्याकाळी आजूबाजूच्या शाळांच्या मुलींनाही खेळता येईल. बॉल टाकायला होस्टेलमध्ये माणसांची कमी नाही. सरांनी आणि मॅडमनी एवढं मनावर घ्यावं, ही विनंती.