झाडाला पोट नाही

डिसेंबरातला पहिला शनिवार. न्यू जर्सीतल्या एडिसन गावात, आमच्या दिवाणखान्यात नाताळचं सात फुटी प्लास्टिकचं झाड उभं केलं. तीन तुकडे एकात एक बसवले, फांद्या पसरल्या, प्लग लावला. पाचशे दिवे कारखान्यातूनच गुंफून आलेले. शेंडा उजळला, बुंधा उजळला, मधे काळोख.

"बाबा, झाडाला पोटच नाही!" लेक म्हणाली.

दिवाळीच्या जुन्या माळांशी झटापट केलेल्याला हे गणित ओळखीचं. इथल्या भिंतीत 120 व्होल्ट. अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब सिरीजमध्ये लावले की हिशेब जुळतो. एक गेला की सगळे जावेत, पण प्रत्येक बल्बात तंतूच्या खाली लेप दिलेल्या बारीक तारेचे वेढे असतात. तंतू तुटला की सगळा दाब त्या लेपावर येतो, लेप जळतो आणि वीज या आडवाटेने पुढे सरकते. म्हणजे जळालेला बल्ब सहसा वाट अडवत नाही. अडवतो तो सैल बसलेला किंवा गळून पडलेला. मात्र गेलेल्यांच्या वाटचा दाब उरलेल्यांवर पडतो आणि तेही लवकर जातात.

दोन तास एकेक बल्ब दाबून पाहिला. पोट काही उजळेना. शेवटी सगळे दिवे उतरवून एलईडी लावायचं ठरलं.

आधी प्लग काढला. तार प्रत्येक फांदीवर हिरव्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी धरलेली. ओढली तर सुयांसारखी पानं उपटून येतात, म्हणून चिमटे एकेक करून सोडवायचे, तार वीतभर कापायची, तुकडा बादलीत टाकायचा. कात्रीपेक्षा कटर बरा. बोटांना ओरखडे पडतात, पायाखाली हिरवा कचरा साचतो. उतरवायलाच अख्खा रविवार गेला.

नव्या माळा आधी जमिनीवर पेटवून पाहिल्या. मग खालून वर, खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत खोडाशी यायचं. नुसती बाहेरून गुंडाळली की झाड आतून पोकळ दिसतं. तुकड्यांच्या सांध्यावरून तार नेली नाही, नाहीतर जानेवारीत झाड खोक्यात भरताना पुन्हा कटर काढावा लागेल.

विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड 1882 साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी सजवलं. लाल, पांढरे, निळे असे 80 दिवे. आणि ज्या मेन्लो पार्कमध्ये एडिसनने 1879 मध्ये आपला दिवा जगाला दाखवला, ते आमच्याच गावात आहे. म्हणजे खटपट तशी गावचीच.

जुने पाचशे दिवे साधारण दोनशे वॉट खात. नवे चाळीसच्या आत. कापलेल्या तारा मात्र घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात टाकू नका, तिथल्या यंत्रांत त्या अडकतात. आणि माळ कुठलीही असो, झाडावर चढवण्याआधी एकदा पेटवून बघा.